महापरसादाचं नाव

मी पाच वर्षं आमदार होतो आणि त्याच्या आधी आणि नंतर पुरं आयुष्य किराणा दुकानदार. लोक मात्र लग्नपत्रिकेवर 'माजी आमदार' तेवढं छापतात. मांडवात गेलो की मला धरून पुढं नेतात, सोफ्यावर बसवतात, हातात सरबताचा पेला देतात आणि निघून जातात. शेजारी कोणी बसत नाही. अरे बाप्पांनो, मागं पंगतीत बसू द्या ना, तिथं बोलायला माणसं आहेत! पण नाही. मी एकटा सोफ्यावर आणि सारं गाव मागं खिदळतंय, असं आता कितीतरी वर्षं चाललं आहे.

हे चिडून लिहितोय, मला ठाऊक आहे. माझा स्वभावच तसा. बायको म्हणते, यांच्या नाकावर माशी बसत नाही, बसली तर तिचीच खैर नाही. या रागापायी माझं बरंच नुकसान झालं आणि बरंचसं भरूनही निघालं. एक मात्र भरून निघालं नाही. तेच सांगायचं आहे.

धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाच्या तोंडाशी आमचं बाजाराचं गाव. दुकान बापानं टाकलेलं. जंगलातली माणसं मोहफुलं, चारोळीची चार, हिरडा, डिंक डोक्यावर घेऊन यायची आणि मीठ, तेल, तंबाखू, लुगडं घेऊन जायची. मोजायला पायली. घेताना पायलीवर शीग चढवून घ्यायची आणि देताना हात फिरवून सपाट द्यायची, ही आमची दुकानदारी. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू. पण समोरची माणसंही काही कमी नव्हती. म्हाताऱ्या बाया माझं मनगट धरून शीग पुसून टाकायच्या आणि वर दोन शिव्या द्यायच्या. मंगळवारचा आख्खा बाजार असा भांडणात जायचा, आणि सांजच्याला घसा बसलेला असला तरी जीव खूष असायचा.

गावापासून दोन कोसांवर नदी. घाटाशी मोठा डोह, उन्हाळ्यातही तिथं पुरुषभर पाणी, त्यामुळं बाराही महिने डोंग्यातून जावं लागे. डोंगा म्हणजे एका आख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी. पलीकडं पंधरा-वीस घरांचं ढिवरांचं गाव, नदी-तळ्यात मासे धरून जगणारं, आणि त्यामागं जंगलात गोंडांची पाच-सहा गावं. मृग बरसला की ही सगळी गावं चार महिने तुटायची. म्हणून रोहिणी संपता संपता मी स्वतः बैलबंडीभर मीठ घाटावर न्यायचो, डोंग्यातून पलीकडं उतरवायचो आणि एका घरी ठेवून यायचो. लागेल तसं लोक तिथून न्यायचे.

ते घर माझ्या महापरसादाचं.

मी बाविशीचा असताना एकदा मीठ उतरवलं आणि नदी चढली. चार दिवस पलीकडंच अडकलो. डोंगा चालवणारा ढिवर माझ्याच वयाचा, त्याच्या घरी राहिलो. आमच्या घरी मासळीचं नाव काढलेलं चालत नसे, आणि इथं मी भात आणि मासळीचा रस्सा वाट्याच्या वाट्या ओरपत होतो. तो हसून हसून लोळायचा. म्हणायचा, "शेठ, काटा तं काढ, घशात फसला तं तुह्या बापाले काय सांगू?" तिसऱ्या दिवशी त्याची आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "तुमी दोघं महापरसाद बांधून घ्या रे. असे हासणारे मानसं घडी घडी नाई भेटत."

छत्तीसगडची सीमा आमच्यापासून लांब नाही, तिकडून ही रीत आमच्या जंगलात आलेली. दोन माणसं गावासमोर नारळ फोडतात, एकमेकांच्या ओंजळीत तांदूळ टाकतात, खांद्यावरचे दुपट्टे बदलतात. जात वेगळी असली तरी चालते. त्यानंतर ते सख्ख्या भावांहून जवळचे. एकमेकांना नावानं हाक मारायची नाही, हाक एकच, 'महापरसाद'. एक मेला तर दुसऱ्यानं डोकं भादरायचं, दहा दिवस सुतक पाळायचं. आम्ही चौथ्या दिवशी सकाळी, पाऊस उघडल्यावर, वडाखाली नारळ फोडला.

मी पडलो दुकानदार. सौदा झाल्यावर मी म्हातारीला विचारलं, "आन चुकून नाव घेतलं तं?"

"नाव मेल्यावर घेतेत, बाबू," ती म्हणाली. "जित्याचं घेतलं तं दोघातला एक जाते."

मी हसलो. तोही हसला. ती नाही हसली.

वीस वर्षं मी त्याचं नाव घेतलं नाही. बाजारच्या दिवशी तो यायचा, मिठाच्या पोत्यावर ऐसपैस बसायचा आणि आरडायचा, "महापरसाद, चहा सांग न बे!" माझ्या बापाला हे मुळीच आवडायचं नाही, पण बापालाही तो 'महापरसादाचा बाप' म्हणून हाक मारी, मग काय बोलणार? नदीवर गेलो की मी डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसायचो. तिथं दुसरं वल्हं असे, ते माझं. तहसीलचा कोणी साहेब असला की त्याच्यासाठी मधोमध पोतं अंथरायचं. मधली जागा पाहुण्याची, पुढली घरच्याची.

ऐंशीच्या निवडणुकीत दोन मोठी माणसं तिकिटासाठी भांडली आणि एकमेकाला मिळू नये म्हणून दोघांनी मिळून मला पुढं केलं. मला वाटलं, पडायचंच आहे, पडू. पण दहा बाजारांत मला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. नदीपलीकडं तर मी भाषणच केलं नाही. तो मला डोंग्यातून, पायवाटेनं गावोगाव घेऊन गेला आणि प्रत्येक गावच्या गोटुलापुढं, गोंडांच्या त्या चावडीपुढं, एवढंच म्हणाला, "हा माहा महापरसाद हाये. याले मत देजा." निवडून आलो तेव्हा त्यानं मला खांद्यावर घेऊन बाजारभर नाचवलं आणि माझी एक चप्पल कायमची हरवली.

मग मुंबई. आमदार निवासात एक खोली, एक पलंग, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत. सभागृहात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा 'मले' म्हणालो, तर पुढच्या बाकावरचे दोघं वळून गोड हसले. त्या गोड हसण्याचा मला असा संताप आला की पुढलं वर्षभर मी तोंडच उघडलं नाही. खोलीत बसून 'मला, तुला, त्याला' घोकायचो, या वयात! मंगळवार आला की हात शिवशिवायचे. आता बाजार भरला असेल, आता चार घेऊन ती बहिरी म्हातारी आली असेल. खाली चहावाल्याशी उगाच भाव करायचो, तर तो म्हणायचा, "आमदार साहेब, तुम्हाला फुकट." मला फुकट नको होतं रे, भांडण पाहिजे होतं!

गावी यायचो तर तिथंही तेच. दुकानाच्या ओट्यावर अर्ज घेऊन माणसं उभी. बसा म्हटलं तरी बसत नसत. एका मंगळवारी मी हट्टानं पायली घेऊन बसलो. एक बाई चार घेऊन आली. मी मुद्दाम डोंगराएवढी शीग चढवली आणि वाट पाहिली की आता ही माझं मनगट धरील. तिनं हात जोडले. "हव साहेब, बराबर हाये," म्हणाली. मी पायली तिथंच उपडी केली आणि आत जाऊन पडलो. बायको म्हणाली, "आमदार झाले तं आता शिव्याही पाहिजेत तुम्हाले?" पाहिजेत, म्हटलं. खरंच पाहिजेत.

एक तोच तेवढा बदलला नाही. पावसाळी अधिवेशन नेमकं मीठ न्यायच्या दिवसांच्या मागोमाग यायचं आणि त्याच्या बैठका आधीपासून सुरू व्हायच्या. पहिल्याच वर्षी मी मीठ दुकानातल्या दिवाणजीकडून पाठवलं. पुढं भेटला तेव्हा म्हणाला, "मीठ आलं बाप्पा. तू नाई आला." एवढंच. मग पोत्यावर बसला आणि चहा मागितला. साऱ्या मतदारसंघात मला 'तू' म्हणणारा तो एकच उरला होता, आणि तो आला की मी दुकानाचं दार अर्धं लोटून घ्यायचो, कोणी अर्जवाला मधात येऊ नये म्हणून.

आमचा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. घाटाचा लिलाव झाला. ज्या ठेकेदारानं घाट घेतला त्याची लाकडी फळ्यांची नाव आली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या डोंग्यांना बंदी झाली. महापरसादानं बंदी मानली, फक्त मासे धरायला डोंगा काढायचा. पण एक दिवस ठेकेदाराची माणसं जेवायला गेलेली आणि पलीकडची एक बाई बाळंतपणात अडलेली. त्यानं तिला डोंग्यात घातलं आणि अलीकडं आणलं. बाई वाचली, पोर वाचलं आणि डोंगा जप्त झाला.

तो दुकानात आला तेव्हा पोत्यावर बसला नाही. म्हणाला, "महापरसाद, डोंगा कचेरीच्या आवारात उन्हात पडून हाये. बापानं कोरला होता. उन्हानं फाटला तं कामातून गेला. पाणी लागाच्या आधी सोडवून दे."

मी म्हटलं, "हात्तेच्या! एवढंच ना? आमदार आहे मी."

कचेरीत गेलो. साहेबानं खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला, चहा-बिस्किट आणलं आणि म्हणाला, "वरून आदेश पाहिजे." तीन वेळा गेलो, तीन वेळा चहा प्यालो. खिडकीतून आवारातला डोंगा दिसायचा, उपडा, टोकाशी एक बारीक चीर पडलेली. तिसऱ्या वेळी चीर बोटभर झाली होती. त्या दिवशी मी चहाची बशी त्याच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, "वरूनच आणतो आता!"

अधिवेशनात प्रश्न लावला. आठ दिवस खोलीत घोकत होतो. एका गरीब नावाड्याचा डोंगा, बाळंतीण, ठेकेदार, सगळं शुद्ध भाषेत. नाव लिहिलं नव्हतं, 'एक ढिवर इसम' असं लिहिलं होतं. जाणूनबुजून.

माझी पाळी आली तेव्हा अर्धं सभागृह रिकामं होतं. मी बोललो, न अडखळता बोललो. मंत्री उठले आणि हसून म्हणाले, "अशा तक्रारी पुष्कळ येतात. माननीय सदस्यांनी नाव सांगितलं तर चौकशी करता येईल. की असा कोणी इसमच नाही?" दोन-चार जण हसले. मी हातातल्या कागदात डोकं घातलं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडला, "शेठजी, डोंगा तुमच्याच दुकानाचा तर नाही ना?"

झालं. सभागृहभर खसखस पिकली. माझ्या डोक्यात तिडीक उठली. वर्षभराचा तो गोड हसण्याचा राग, ती पायली, ते तीन कप चहा, सगळं एकदम वर आलं. मी बाकावर मूठ आपटली आणि ओरडून नाव सांगितलं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. दोनदा सांगितलं. "लिहून घ्या!" म्हणालो. बाकं वाजली. मंत्री गंभीर झाले, म्हणाले, डोंगा सोडायचा आणि बंदी उठवायचा आदेश आजच देतो.

मी खाली बसलो. शेजारच्यानं पाठ थोपटली. वीस वर्षांत एकदाही न उच्चारलेलं नाव होतं ते, जिभेला त्याचा आकारच नवा लागला. मी स्वतःची समजूत घातली. मुंबई कुठं, घाट कुठं? कोण सांगायला जातंय? आणि आजच्या जगात नावानं काय होतं? डोंगा सुटला, हेच खरं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. दोनदा घेतलं तेवढं पुरे झालं.

पंधरा दिवसांनी घरी आलो तर बायकोनं जपून ठेवलेला पेपर पुढं ठेवला. आतल्या पानावर बातमी होती. "खरं का हे?" तिनं विचारलं.

"मग काय करत होतो? नाव नाही तर डोंगा नाही."

"मी इतक्या वर्साची तुमचं नाव नाई घेत," ती म्हणाली, "आन तुम्हाले पाच मिंट नाई राहवलं?"

मी तिच्यावर खेकसलो आणि जीप काढायला सांगितली. कार्यकर्त्यांनी हार घेतले होते, आमदारांनी डोंगा सोडवला म्हणून घाटावर सत्कार ठेवला होता. वाटेभर मी मनात जुळवत होतो, त्याला काय म्हणायचं. 'महापरसाद, चूक झाली, पण डोंगा आला की नाही?' असं म्हणायचं, तो शिवी देईल, मग हसेल. त्याची आई दोन दिवस फुगून बसेल, तिला लुगडं नेलं होतं.

घाटावर डोंगा पाण्यात होता, चिरेत डांबर भरलेलं. तो डोंग्यापाशी उभा होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

मला खरंच कळलं नाही. मी धावत पुढं गेलो. "अरे, कोण गेलं? आई कुठाय?" आई तिथंच होती, दगडावर, पाण्याकडं तोंड करून बसलेली.

तो म्हणाला, "माहा महापरसाद गेला."

मग त्यानं हात जोडले, माझं नाव घेतलं, त्याच्यापुढं 'साहेब' लावलं आणि म्हणाला, "लय उपकार झाले तुमचे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सत्कार सुरू झाला.

पलीकडच्या गावच्या शाळेचे गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. चंद्रपूरकडचे, बौद्ध घरातले, शिकलेले माणूस. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "साहेब, डोंगा सोडल्याचा कागद आला, तो मीच वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, माननीय आमदारांनी सभागृहात नाव घेतलेल्या इसमाचा डोंगा परत करावा. मला इकडची रीत माहीत नव्हती हो. वाचून झालं आन म्हातारी उठून घरात गेली. मी मग समजावलं, नावानं कोणी मरत नसते भाऊ. त्यानं समदं ऐकून घेतलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं गेला. दहा दिवस या घाटावरून हालला नाही."

मी परत डोंग्यापाशी आलो आणि त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. "डोंगा मिळाला ना तुला? तुझ्यासाठीच केलं ना मी? मग हे काय नाटक आहे?" तो मान खाली घालून उभा. "मिळाला साहेब," म्हणाला. मग पलीकडं गावात जायचं म्हणून त्यानं डोंगा लावला, एक धुतलेलं पोतं आणलं आणि मधोमध अंथरलं. "बसा," म्हणाला.

मी बसलो. पुढच्या टोकाला वल्हं तसंच पडून होतं. अख्ख्या नदीभर मी त्याच्याकडं पाहत होतो.

पुढच्या खेपेला मला तिकीट मिळालं नाही. बरं झालं. जीप गेली, अर्ज गेले, मी पुन्हा गादीवर येऊन बसलो. मला वाटलं, आता सगळं जागेवर येईल. शीग-सपाटीची भांडणं हळूहळू परत आलीही, थोडी थोडी. तो मात्र आला नाही. बाजारात यायचा, दुकानासमोरून जायचा, दिसलो की हात जोडायचा, "रामराम शेठ." मिठाच्या पोत्यावर दुसरं गिऱ्हाईक बसलं की मी त्याला उठवायचो. कारण विचारलं की खेकसायचो.

मीठ मात्र मी सोडलं नाही. दर वर्षी रोहिणी संपता संपता स्वतः बंडी घेऊन घाटावर जायचो. तो डोंगा घेऊन उभा असायचा, निरोप न धाडता. पोती उतरवायला हात लावायचा. मग मधोमध पोतं अंथरायचा आणि म्हणायचा, "बसा." मी बसायचो. जाताना एक शब्द नाही, येताना एक शब्द नाही. एका वर्षी मी हिय्या केला, म्हणालो, "नारळ आणलाय. पुन्हा बांधू." तो म्हणाला, "एकच बार असते ते." पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. नारळ मी त्याच्या आईच्या हातात देऊन यायचो, ती घ्यायची, बोलायची नाही. त्या वर्षांत मी किती एकटा होतो ते मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? ज्याला सांगायचं तो चार हातांवर बसून डोंगा हाकत होता.

एका वर्षी पाणी आधीच आलं. वर कुठं धो धो बरसलं असेल, नदी गढूळ, डोहात भोवरे. डोंगा मधोमध पोचला आणि वावधन सुटलं, नुसता तुफान वारा. धुळीनं पलीकडचा काठ दिसेना. डोंगा आडवा झाला, पाणी आत आलं, मिठाची पोती एका बाजूला घसरली. मी बोंबललो, "महापरसाद! काय करू?"

मागून त्याची आरोळी आली. त्यानं माझं नाव घेतलं होतं. नुसतं नाव. पुढं ना साहेब, ना शेठ. "वल्हं धर! पुढचं धर!"

मी पोत्यांवरून रांगत पुढं गेलो आणि ते वल्हं उचललं. किती वर्षांनी! हातांना सगळं आठवत होतं. मी डावं मारलं, त्यानं उजवं मारलं, डोंगा सरळ झाला. कसेबसे पलीकडच्या वाळूत शिरलो तेव्हा दोघंही नखशिखांत भिजलेले, आणि अर्धं मीठ पाणी होऊन गेलेलं.

जीव वाचल्यावर माझा राग उसळला. धाप लागलेली, तरी ओरडलो, "तिथं मरत होतो आपण! तिथं तरी खरी हाक मारायची होती! तिथंही नावच? एवढा दगड झालास का रे?"

तो डब्यानं डोंग्यातलं पाणी उपसत होता. थांबला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाला.

"तू म्हणतं, पुन्हा महापरसाद म्हण. म्हटलं तं पुन्हा तू माहा होशीन. आन तू लय रागीट हायेस. पुन्हा कुठी तरी तुह्या तोंडून नाव निंघून जाईन. एकाले जा लागते, म्हून तुह्यावाली बला टळाले म्या नातंच जाऊ देल्लं, डोकं भादरलं. दहा दिवस घाटावर बसून होतो तुह्यावाल्या सुतकात, आन तू तिकडं बम्बईत जित्ता." त्यानं डबा पुन्हा पाण्यात बुडवला. "एक बार झालं ते. दुसऱ्या बार नाई होत माह्याच्यानं."

मी खाली वाकून उरलेली पोती काढायला लागलो. दोघांनी मिळून ती त्याच्या पडवीत नेऊन ठेवली. म्हातारीनं आम्हाला पुसायला एकच दुपट्टा दिला, आधी त्यानं पुसलं, मग मी.

वारा पडल्यावर तो मला सोडायला निघाला. पोतं भिजलं होतं, त्यानं ते पिळलं आणि झटकून मधोमध अंथरलं. पुढचं वल्हं माझ्या हाताशी होतं. मी ते पुढच्या टोकाला नीट ठेवलं आणि आपणहून मधल्या पोत्यावर जाऊन बसलो.